शंभर तास झाल्यावरच सांगावे

सोमवार, १ सप्टेंबर २०२५
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर सुवाच्य ठेवणार. पुढेमागे कोणाला गरज पडलीच तर अडायला नको.

संकल्प: रोज लिहिणे. चहात साखर बंद. आणि पाच डिसेंबरच्या रिव्ह्यूआधी निळा OLED सलग शंभर तास उजळता ठेवणे. तिन्ही जमण्यासारखे आहेत.

रात्री जेवताना उत्तराला माझं काम परत एकदा समजावलं. टीव्हीवाल्या कंपन्या हे पदार्थ व्हॅक्यूममध्ये वाफ करून काचेवर बसवतात. महागडं काम. आम्ही त्याच पदार्थांची शाई करतो, काचेवर थेंब सोडतो, काच गरगरा फिरवतो, थर पसरतो, करंट दिला की थर उजळतो. उद्या वर्तमानपत्र छापतात तसे दिवे छापता येतील. उत्तरा म्हणाली, लग्न झालं तेव्हाही तुम्ही उद्याच म्हणाला होतात. नवऱ्याच्या कामात बायकोने रस घ्यावा असं वाटतं, पण तिला पोळ्या लाटायच्या होत्या.

अडचण एकच. लाल टिकतो, हिरवा टिकतो, निळा मरतो. जरा हवा लागली, जरा दमट झालं, की काळे डाग पडून विझतो. आमचा रेकॉर्ड साडेअकरा तास. (नऊ वर्षांत.) शंभर झाले नाहीत तर प्रोजेक्ट बंद आणि आमची लॅब, कक्ष २१४, शेजारच्या बॅटरीवाल्या केतनला. त्याने परवा टेप घेऊन खिडकीची रुंदी मोजली. पडद्यांसाठी म्हणे.

गुरुवार, ४ सप्टेंबर
मैत्रेयी आज पाच वेळा चेंबरमध्ये आली. मैत्रेयी म्हणजे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, परभणीची, पाचवं वर्ष संपत आलंय. सर, थराची जाडी अशी येतेय. सर, नायट्रोजनचा सिलिंडर संपतोय. सर, कडेला गोंद नीट बसत नाहीये. मी तेव्हा प्रोजेक्टच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करत होतो. विचार तुटला.

आदेश दिला. छोट्यामोठ्या गोष्टी माझ्यापर्यंत आणायच्या नाहीत. शंभर तास झाल्यावरच सांगायचं. ती म्हणाली, ठीक आहे सर. मग विचारलं, लेखी देता का. दिलं. सही, तारीख, शिक्का.

साखर: फक्त सकाळच्या चहात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
ऑफिसातून निघताना तिसऱ्या मजल्यावरचे सात दिवे बंद केले. त्यातला एक केतनच्या खोलीतला होता आणि केतन आत होता. वीज राष्ट्राची आहे, केतनची नाही. घरी गाझियाबादला पोचलो तर गॅलरीतला दिवा जळत होता. वैभवीला बोललो. अकरावीतल्या मुलीला हे सांगावं लागतं. ती म्हणाली, बाबा, मी गॅलरीतच बसलेय, यार.

सोमवार, १५ सप्टेंबर
हिंदी पखवाडा (राजभाषेचा पंधरवडा) चालू. विभागाचा राजभाषा नोडल अधिकारी मीच. लॅबमधल्या सगळ्या इंग्रजी पट्ट्या उतरवून हिंदीत लावायचा आदेश काढला, आणि प्रत्येक पट्टीवर माझी अनुमोदनाची सही सक्तीची केली, म्हणजे उद्या कोणी काहीबाही चिकटवायला नको. मैत्रेयी साठ पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आली. चार मिनिटांत सह्या. वाचत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. एवढा वेग अख्ख्या विभागात कोणाचा नाही.

साखर: पखवाड्यानंतर बघू.

शनिवार, २७ सप्टेंबर
सुट्टी असून मैत्रेयी लॅबमध्ये. संध्याकाळी सात वाजता फोन. सर, येऊन बघता का, एक गोष्ट… मी विचारलं, शंभर तास झाले का. म्हणाली, आत्ताच सुरू केलंय. मी तिला आदेश क्रमांकासकट आठवण करून दिली. शिस्त अशी हळूहळू अंगवळणी पडते.

मंगळवार, ३० सप्टेंबर
मैत्रेयीने उद्या अर्धा दिवस मागितला. आई नांदेडच्या गाडीने येतेय, तिला स्टेशनवर आणायला जायचंय. चार वाजता आईला लॅब दाखवली तर चालेल का, असंही विचारलं. चालेल म्हटलं. ती दारात घुटमळली, पुन्हा काहीतरी सांगायचं होतं. मी बोट वर केलं. ती गेली. चेहरा मात्र खुलला होता. आई येणार म्हणून असेल.

उद्या खंडेनवमी. दिल्लीत आपल्या माणसांना याचा विसर पडत चाललाय. इथे लोक दसऱ्याला रावण जाळून मोकळे होतात, हत्यारांची पूजा कोणाच्या डोक्यात येत नाही. आमची हत्यारं म्हणजे स्पिन कोटर, काच गरगरा फिरवणारं यंत्र. ठरवलं, उद्या २१४ मध्ये रीतसर पूजा. उत्तराने हळदीकुंकू बांधून दिलं. हळद तिच्या माहेरची, सांगलीची. ती म्हणाली, चिमूटभरच वापरा. शास्त्रज्ञाला प्रमाण शिकवायला निघाली.

बुधवार, १ ऑक्टोबर
सकाळी दहाला २१४ मध्ये. कोणी नाही. खोली अंधारी, पडदे ओढलेले, आणि कोपऱ्यात कुठल्याशा डबीत एक निळा ठिपका जळतोय. रिकाम्या खोलीत. किती वेळा सांगायचं या मुलांना.

स्पिन कोटरच्या झाकणावर, बटणांवर, शेजारी ट्रेमध्ये ठेवलेल्या नव्या काचांवर हळदीकुंकू वाहिलं. चिमटीने वाहताना काटकसर केल्यासारखं वाटत होतं, म्हणून शेवटी पुडीच उपडी केली. झेंडूचा हार घातला. दिव्यांची माळ आणली होती, पण प्लगला जागा नाही. कोपऱ्यातल्या त्या डबीचाच प्लग काढला आणि माळ लावली. एका कामात दोन कामं, माळही लागली आणि फुकट जळणारा दिवाही बंद झाला. बारकोडसारखा कसलातरी कागद प्लगला लोंबत होता, तो बाजूला केला. फोटो काढला. उत्तम आलाय, माळ, हार, यंत्र, सगळं. विभागाच्या ग्रुपवर टाकला नाही, वार्षिक अहवालासाठी राखून ठेवला.

पंधरा मिनिटांनी माळ काढली आणि तो प्लग परत जिथल्या तिथे लावला. खट्कन ठिणगी उडाली, बाकी काही नाही. दुसऱ्याच्या वस्तू मी कधी विस्कटून ठेवत नाही.

दुपारी चार. मैत्रेयी आईला घेऊन आली. साध्या बाई, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मैत्रेयी त्यांना २१४ मध्ये घेऊन गेली आणि दोन मिनिटांत दोघी बाहेर आल्या. काहीतरी दाखवायचं होतं, ते बंद पडलेलं होतं म्हणे. बाई म्हणाल्या, असू दे गं, पुन्हा कधी. मैत्रेयी पुन्हा एकटीच आत जाऊन आली. वेळ जावा म्हणून मी बाईंना माझं चेंबर दाखवलं. खुर्ची, शिक्के, खिडकीतून दिसणारा कडुनिंब. लाडू चार खाल्ले. ते साखरेत धरत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
धक्का. मैत्रेयीने आदेश मोडून सांगितलं. तिचा निळा डिव्हाइस सत्त्याऐंशी तास चालला होता. सत्त्याऐंशी! एक तारखेला रात्री अकराला शंभर झाले असते. सकाळी दहा वाजून नऊ मिनिटांनी वीज गेली आणि परत येताना झटका बसून डिव्हाइस जळाला.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. तिने माझ्या सहीचा कागद दाखवला.

मी गप्प बसणारा माणूस नाही. इलेक्ट्रिकल सेक्शनला तीन पानी पत्र धाडलं. राष्ट्रीय महत्त्वाच्या संशोधनाची वीज कोणी तोडली, जबाबदारी निश्चित करा. मुलीचं पाच वर्षांचं काम आहे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच शंभर तासांवर अडलंय आणि तिची मुदत एकतीस डिसेंबरला संपते. असली बेफिकिरी मी खपवून घेणार नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
इलेक्ट्रिकलचे त्यागीजी म्हणतात, सर, उस दिन लाइट गई ही नहीं। म्हणजे कांगावा सुरू.

पण आज एक वेगळंच घडलं. मैत्रेयीने बनवलेली नवी काच यूव्ही दिव्याखाली धरली तर थर निळा न चमकता पिवळट हिरवा चमकला. सुंदर, ताजा रंग. ती म्हणाली, सर, कसलीतरी भेसळ दिसतेय. मी म्हणालो, शोध असाच लागतो. करंट दिल्यावर तो उजळला नाही हे खरं, पण शोध पायरीपायरीने लागतो. पेटंटचा फॉर्म डाउनलोड केला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
जेवताना हिरव्या चमकीचं सांगितलं. वैभवी म्हणाली, बाबा, हल्दी भी UV में ग्लो करती है, रील में देखा था। हसलो. रील बघून फोटोफिजिक्स शिकणारी पिढी. उत्तरा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अभिमानाने असणार.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. बाहेर धूर इतका की गेटवरून आमची बिल्डिंग दिसत नाही. हवाबंद ग्लव्ह बॉक्सचे फिल्टर रडकुंडीला आले आहेत.

वीज प्रकरणी चौकशी समिती. अध्यक्ष मी, सदस्य त्यागीजी. पहिली बैठक झाली, समोसे चांगले होते. त्यागीजींनी यूपीएसचा रेकॉर्ड आणला. एक तारखेला पुरवठा अखंड. मी त्यांना असहकार्याबद्दल लेखी समज दिली. त्यांचा चेहरा उतरला. गुन्हेगाराचा उतरतोच.

मैत्रेयी म्हणते, निळी शाई आठ काचांपुरतीच उरलीय, नवी यायला तीन महिने. मी निर्णय दिला, चार निळ्याला, चार माझ्या हिरव्याला. ती म्हणाली, सर, मला आठही हव्या आहेत. आवाज नेहमीपेक्षा वर होता. प्रदूषणाने सगळ्यांचेच स्वभाव चिडके झालेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मैत्रेयी कँटीनमधून वाटीत हळद घेऊन आली. काचेवर एक कण ठेवला, त्यावर आमच्या शाईचं द्रावण सोडलं, काच फिरवली, यूव्हीखाली धरली. तोच पिवळट हिरवा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, रेष एकच दिसत होती. स्पिन कोटरच्या फटीत अजून हळद आहे म्हणाली. तीन तास कापूस घेऊन पुसत होती.

चारही काचा तिला परत दिल्या. मोठ्या मनाने.

रात्री झोप नाही. पेटंटचा फॉर्म टेबलावर. शोध गेला याचं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

बुधवार, १२ नोव्हेंबर
सकाळी दात घासताना सुचलं. शोध गेला कुठे? शोध हळदीचाच आहे. हर्बल OLED. स्वदेशी, स्वस्त, जंतुनाशक. करंटने उजळत नाही, हा पुढच्या टप्प्याचा प्रश्न. रिव्ह्यूत अर्धा तास यालाच देणार. सुरुवात गोष्टीने करायची, खंडेनवमी, पूजा, योगायोग. पहिल्याच स्लाइडवर पूजेचा फोटो. नशीब काढून ठेवला होता.

उत्तराला सांगितलं. म्हणाली, माझ्या माहेरचं नाव नका घालू त्यात.

बुधवार, ३ डिसेंबर
मैत्रेयी सकाळी साडेनऊला आली. २१४ मध्ये नायट्रोजनची गळती आहे, काही दिवस कोणी, म्हणजे तुम्हीसुद्धा, आत जाणं धोक्याचं, म्हणाली. ती स्वतः मात्र आत-बाहेर करत होती. धाडसी मुलगी. मी लगेच सुरक्षा-सूचना काढली आणि २१४ कडे फिरकलो नाही. तसंही स्लाइड्सना ॲनिमेशन घालायचं होतं. हळकुंड गिरक्या घेत येतं.

चौकशी समितीचा अहवाल पूर्ण. निष्कर्ष: कारण अज्ञात, संशय इलेक्ट्रिकल सेक्शनवर.

शुक्रवार, ५ डिसेंबर
रिव्ह्यू. आधी मैत्रेयी बोलली, बारा मिनिटं. बुधवारी नऊला सुरू केलेला निळा डिव्हाइस पन्नास तास झाले अजून उजळतोय, असं म्हणाली आणि २१४ चं लाइव्ह चित्र लावलं. डबीत निळा ठिपका. मला माहीतच नव्हतं. गळतीबिळती काही नव्हती. समितीतली माणसं खुर्च्या पुढे ओढून बघत होती. मला एकदम वाटलं, हा ठिपका मी कुठेतरी पाहिलाय.

मग मी. पहिली स्लाइड, पूजेचा फोटो. मोबाइलवर शंभर वेळा पाहिलेला, भिंतीएवढा पहिल्यांदाच. मी खंडेनवमीचं महत्त्व सांगत होतो. अध्यक्ष प्रा. रेवती मॅडम म्हणाल्या, डॉक्टर साहब, ज़रा रुकिए। माळेच्या शेजारी जो प्लग काढून ठेवलाय, त्याला लोंबणाऱ्या पट्टीवर काय लिहिलंय, त्यांचा चष्मा गाडीत राहिलाय, मी वाचून दाखवावं.

मी वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण थांबायचं सुचलं नाही. परीक्षण जारी है। कृपया प्लग न निकालें। अनुमोदित, डॉ. गुणवंत खळदकर.

खाली माझी सही. ठळक, सुवाच्य. फोटोच्या कोपऱ्यात वेळ, दहा वाजून चौदा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. केतन पाठीमागे बसला होता, तोसुद्धा खाली बघत होता. मॅडम म्हणाल्या, हल्दी किचन में रहने दीजिए। पुढची स्लाइड आपोआप आली आणि हळकुंड गिरक्या घेत पडद्यावर फिरू लागलं. ते बंद कसं करायचं ते मला येईना. मैत्रेयी उठली आणि तिने बंद केलं.

निर्णय: रविवारी दुपारी एकला शंभर तास भरले तर प्रोजेक्ट चालू, नाहीतर नाही.

बाहेर आल्यावर मैत्रेयीला विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाली, एक तारखेलाच सर. प्लगवर हळदीची बोटं होती. आई बाहेर उभी होती तेव्हा पुसली. मग मला वीज गेल्याचं का सांगितलंस, विचारलं. म्हणाली, मला वाटलं, तुम्हीच म्हणाल. दोन महिने वाट बघितली.

मी तीन पानी पत्र लिहिलं होतं. समिती बसवली होती. समोसे खाल्ले होते.

संध्याकाळी पाचला ती नवी पट्टी घेऊन सहीला आली. मी पेन उघडलं आणि बंद केलं. आधी वाचलं. कक्ष २१४, परीक्षण जारी है, प्रवेश वर्जित, परियोजना प्रमुख सहित. मी विचारलं, सहित आवश्यक आहे का. ती म्हणाली, हो सर. सही केली. एका पट्टीला तीन मिनिटं लागली.

शनिवार, ६ डिसेंबर
त्यागीजींना समज मागे घेतल्याचं पत्र दिलं. सोबत, प्लग मी काढला, असं एक वाक्य. ते चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये प्लग निघाला असं येत होतं. त्यागीजी वाचून म्हणाले, हो जाता है सर, चाय लीजिए। चहात त्यांनी दोन चमचे साखर घातली. प्यायलो.

रविवार, ७ डिसेंबर
बारालाच पोचलो. घरी सांगितलं, मार्केटला जातो. २१४ च्या दाराबाहेर उभा राहिलो. दाराला वीतभर काच आहे, तेवढ्यातून आतलं दिसतं. पट्टी वाचली. मीच अनुमोदित केलीय. हात मागे बांधून उभा राहिलो.

मैत्रेयी स्टुलावर बसली होती, पाठ माझ्याकडे. समोर ठिपका. एक वाजला. ती उठली, फोन लावला आणि कॅमेरा ठिपक्यासमोर धरला. स्क्रीनवर तिची आई. बाईंनी पलीकडे पदराने चष्मा पुसला आणि परत बघितलं. मला दारातून आवाज येत नव्हता. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम झेपण्याइतका मी कधी मोठा नव्हतो.

एक वाजून सहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मेसेज. सर, शंभर तास झाले. आपल्या ४ सप्टेंबरच्या आदेशानुसार कळवत आहे.

मी तिच्यापासून तीन फुटांवर उभा होतो. Noted असं टाइप केलं. खोडलं. शाबास लिहिलं आणि पाठवलं. तिने आत फोन बघितला, पण मागे वळली नाही. मी दार वाजवलं नाही.

निघालो. कॉरिडॉरमधला दिवा भर दुपारी जळत होता. बटणापर्यंत हात गेला. मग बटणाभोवती काही पट्टी आहे का ते बघितलं. नव्हती. तरी तो चालू ठेवला आणि जिना उतरलो.